साठ घरांचा अंदाज

आमच्याकडे पानं पिवळी व्हायच्या आधी अंगणांत पाट्या उगवतात. सप्टेंबर अर्धा सरला की एखाद्या सकाळी कोपऱ्यावरच्या घरासमोर, गवतात खुपसलेल्या दोन तारांवर, पहिली पाटी दिसते. चार दिवसांनी समोरच्या घरात दुसऱ्या नावाची. मग कुणी कुणाला ऐकत नाही. पोस्टाच्या पेटीत रोज गुळगुळीत रंगीत कागद येऊन पडतात, फोन वाजत राहतो, टीव्हीवर दोन मालिकांच्या मध्ये जाहिरातीतला तो घोगरा आवाज एका माणसाला चोर म्हणतो आणि लगेच दुसरा घोगरा आवाज दुसऱ्याला. हवेत मात्र छान गारवा असतो. दुकानाबाहेर भोपळ्यांचे ढीग लागतात, गवत कापल्याचा ओला वास येतो, आणि संध्याकाळी साडेपाचलाच ऊन तिरपं होऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत येतं. हा ऋतू मला फार आवडायचा.

यंदा पहिली पाटी दिसली तेव्हा मी कामावरून येत होते. यंदाची निवडणूक अध्यक्षाची नाही, मधलीच आहे, पाट्याही कमी आहेत. तरी ती एक पाटी बघून मला घरात कधी शिरते असं झालं. घरात आल्यावर मी चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले. समोरच्या रस्त्याने कुणीतरी चालत येईल, हातात फोन धरून, पाट्या मोजत, असं मला उगाच वाटत होतं. कुणी आलं नाही.

आमचं पेनसिल्व्हेनिया हे काठावरचं राज्य. बोर्डाच्या निकालाच्या दिवशी घरातली सगळी माणसं काठावर पास होणाऱ्या मुलाकडे बघतात, तसा चार वर्षांनी एकदा सगळा देश आमच्याकडे बघतो. हुशार मुलाची कुणाला काळजी नसते आणि ढ मुलाची आशा नसते. माझी धाकटी बहीण बेलव्ह्यूला असते, देशाच्या पार पश्चिम टोकाला. ती म्हणते, "आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही गं. आमचं उत्तर ठरलेलं." तिच्या बोलण्यात थोडी असूया असते. मी तिला म्हणते, ये इकडे राहायला, आठ दिवसांत पळून जाशील.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या शरदात जर्सी सिटीहून दर शनिवारी मुलंमुली गाड्या भरभरून यायची. त्यांच्या राज्याचाही निकाल ठरलेला, म्हणून ती प्रचारासाठी आमची दारं वाजवायला यायची. एकदा दारात उभी राहिलेली मुलगी मराठी निघाली. माझ्या दारावरचं तोरण बघून ती पाठ केलेलं इंग्रजी विसरली आणि म्हणाली, "काकू, पाणी मिळेल?" मी तिला लिंबाचं सरबत दिलं, दोन शंकरपाळे दिले, ती कुठल्या शाळेत शिकली, आई कुठली, सगळं विचारून घेतलं. मत कुणाला, हे तिने विचारलं तेव्हा मी हसले. तीही हसली. जाताना तिने फोनवर कसलीशी खूण केली. माझी खात्री आहे, सरबताच्या जोरावर तिने मला आपल्या रकान्यात टाकलं असणार. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती.

आता अविनाशबद्दल लिहायला हवं. हे नाव खरं नाही. इथली सगळीच नावं मी बदलली आहेत.

अविनाश आमच्या मागच्या रस्त्यावर राहतो. नागपूरचा. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. आम्ही दोघं एकाच विमा कंपनीत होतो. तो डेटाबेस सांभाळायचा आणि मी टेस्टिंग करायचे, म्हणजे दुसऱ्यांनी बांधलेल्यात खोट काढायचे. अविनाशला याचं भारी कौतुक होतं. "ताईंना काहीही दाखवा, त्या आधी त्यात काय चुकलं ते बघतात," असं तो चारचौघांत सांगायचा. त्याच्या बायकोचं म्हणणं वेगळं होतं. "ताई, तुम्ही जेवायला आलात की मला मीठ तीनदा चाखावं लागतं," असं सुलभा म्हणायची आणि हसायची. त्यांची एकुलती मुलगी मिता. ती या देशात आली तेव्हा दीड वर्षाची होती, विमानभर रडली होती म्हणे.

अविनाशला मत नव्हतं. नोकरीच्या व्हिसावर आलेला माणूस इथं कायमचं राहता यावं म्हणून रांगेत उभा राहतो, आणि आपल्या लोकांची ती रांग आता इतकी लांबली आहे की उभ्याउभ्या केस पांढरे होतात. आम्ही त्याच्या बरंच आधी आलो, तेव्हा रांग लहान होती, म्हणून आम्ही नागरिक झालो. यात आमची काही हुशारी नव्हती. पण माणूस दाराच्या आत गेला की दार आपल्याच हाताने उघडलं असं त्याला वाटायला लागतं, आणि मीही काही फार वेगळी नाही.

त्या रांगेची एक अट आहे. मूल एकवीस वर्षांचं झालं की ते आई-बापाच्या कागदावरून गळतं. मग त्याने आपला वेगळा रस्ता शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. मिताला निवडणुकीनंतरच्या एप्रिलात एकवीस पूर्ण होणार होती. अशा मुलांसाठी कायदा करू, करू, असं दोन्हीकडचे पुढारी वर्षानुवर्षं म्हणत आले होते. पण अविनाशच्या मनाने घेतलं होतं की अमुक एक बाजू आली तर तो कायदा नक्की होईल. कुठली बाजू ते मी लिहीत नाही. लिहिलं की वाचणारे आपापल्या बाजूला जाऊन बसतील आणि मिता तशीच मध्ये उभी राहील.

त्यात कंपनीने त्याला टोरांटोच्या कचेरीत बदली देऊ केली. तिथं गेले असते तर तिघांचे कागद एकत्र झाले असते, मिता धरून. मात्र उत्तर ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारपर्यंत द्यायचं होतं, आणि मतदान त्यानंतर आठ दिवसांनी. सुलभाचं मत सरळ होतं. "हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं?" पण मिताचं कॉलेज इथं, मैत्रिणी इथं, तिने चौथीत असताना लावलेलं मेपलचं झाड इथं, आणि अविनाशची वीस वर्षं इथं. मत नसलेल्या माणसाने मग एकच काम हाती घेतलं. हे राज्य कुणीकडे जाणार, ते आधी ओळखायचं.

तो रोज संध्याकाळी चालायला निघायचा. डोक्याला कानटोपी, अंगात मिताच्या कॉलेजचा सदरा, हातात फोन. प्रत्येक रस्त्यावर कुणाच्या किती पाट्या, गेल्या आठवड्यात होती ती पाटी कुणी काढली, हे सगळं तो टिपायचा. मी कधीकधी सोबत जायचे. पायांखाली ओकची सुकी फळं कुडकुड वाजायची, लांबून कुणाच्या तरी शेकोटीचा धूर यायचा. कुणाच्या अंगणात पोरांनी पानांचा ढीग करून त्यात पाटीसकट उडी मारलेली असायची. अविनाश थांबून विचारात पडायचा, ही मोजायची की नाही.

"अरे, पाट्यांवरून काय कळतं? पाट्या मत देतात का?" मी एकदा म्हटलं.

"नाही ना ताई. म्हणून तर दुसरं पण मोजून राहिलो."

दुसरं म्हणजे आमची घरं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या यादीत या भागातली मराठी घरं होती, त्यात मत असलेली साठ. अविनाशचं म्हणणं असं की आपली माणसं कुठल्याच बाजूला बांधलेली नाहीत. शिकलेली, घरंदारं असलेली, शेवटच्या घटकेला ठरवणारी. ही साठ घरं जिकडे झुकतील तिकडे काउंटी, म्हणजे आमचा जिल्हा, आणि काउंटी जिकडे तिकडे राज्य. शितावरून भाताची परीक्षा. मी त्याला टेस्टरच्या तोऱ्यात दोन-चार चुका काढून दाखवल्या, त्या त्याने लिहूनही घेतल्या. एक खोट मात्र मला तेव्हा दिसली नाही. शीत चाचपून बघणारा माणूस आपलाच आहे आणि त्याच्या घरी काय चाललंय हे भाताला ठाऊक आहे, तर ते शीत आपण होऊन मऊ पडतं.

त्या वर्षी दिवाळी मतदानाला अगदी खेटून आली होती. सुलभाने फराळ केला, आणि तो वाटायच्या निमित्ताने अविनाश साठ घरांच्या पायऱ्या चढला. प्रत्येक ठिकाणी डबा पुढे केला, दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, आणि मग विचारलं, "तुमचं ठरलं का?" आता तुम्हीच सांगा. दारात असा माणूस उभा आहे. हातात त्याच्या बायकोने केलेल्या करंज्या आहेत. त्याची मुलगी कुठल्या टांगणीला लागली आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्याला कोण तोंडावर नाही म्हणेल? आपल्यात ती रीतच नाही. आपण म्हणतो, हो हो, विचारायलाच नको. आपण म्हणतो, बसा ना, चहा टाकते. दाराशी आलेल्या गोऱ्या मुलांना जी माणसं सडेतोड उत्तरं देत होती, ती सगळी अविनाशपुढे विरघळली.

मिता त्याला गाडीतून फिरवत होती. ती म्हणालीही होती, "बाबा, दे आर जस्ट बीइंग नाइस." अविनाशने ते हसण्यावारी नेलं.

माझ्या घरी तो शनिवारी दुपारी आला, सगळ्यांत शेवटी. मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, असं त्याने सांगितलं. सोफ्याच्या काठावर बसला, चहा नको म्हणाला. मिता दाराशीच टेकून उभी होती, हातात गाडीची किल्ली, पायात मोठे मोठे बूट. बाहेर शेजाऱ्याचं पानं उडवायचं यंत्र घोंघावत होतं, ते थांबल्यावर अविनाश बोलला.

"ताई, साठातले एकोणसाठ झाले. बहुतेक सगळे आपल्याकडून आहेत. पण मला त्यांच्यावर पूर्ण भरवसा नाही. तुम्ही सांगा."

"म्हणजे काय अविनाश, ही काय विचारायची गोष्ट आहे?"

"नाही ताई, स्पष्ट सांगा. सोमवारी टोरांटोला कळवायचंय. तुम्ही हो म्हणालात तर मी धरून चालतो की बाकीचे पण खरं बोलले. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलणार नाही, हे मला माहीत आहे."

माझं मत तेव्हा देऊनही झालं होतं. टपालाने देता येतं इथं. एका पाकिटात दुसरं पाकीट घालून पाठवायचं असतं. मी ते आदल्या आठवड्यातच काउंटीच्या कचेरीबाहेरच्या पेटीत टाकलं होतं. आणि ते मी दुसऱ्या बाजूला दिलं होतं. माझी कारणं होती, मला ती तेव्हा पुरेशी वाटत होती, काही आजही वाटतात. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. मत माझं होतं.

मी मिताकडे बघितलं. ती फोनमध्ये बघत असल्यासारखं दाखवत होती, पण तिचा अंगठा हलत नव्हता.

"हो," मी म्हणाले.

अविनाशने मान डोलावली. काही लिहिलं नाही त्याने. नुसता उठला, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "चला, मग झालं." निघताना त्याच्या चालण्यात मला इतका हलकेपणा दिसला की क्षणभर मलाच वाटलं, आपण चांगलं काम केलं.

भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. ही भीक शेवटी दुसऱ्याच्याच पदरात पडते, हे काही ती म्हणाली नव्हती.

रविवारी सकाळी सुलभाचा फोन आला. या एका फोनबद्दल मी दोन वर्षं विचार करते आहे. ती म्हणाली, "ताई, तुम्ही ह्यांना काय सांगितलंत? कालपासून गाणी म्हणतायत. टोरांटोला नाही म्हणून कळवायचं म्हणतात. तुम्हाला खरंच वाटतं का हो, इथं तसं होईल?" अजून पूर्ण एक दिवस हातात होता. मी ओट्याशी उभी होते, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. इतकंच म्हणायचं होतं, की सुलभा, जा तुम्ही. माझ्या बोलण्यावर जाऊ नका. कारण सांगायचीसुद्धा गरज नव्हती. मी म्हणाले, "होईल गं सगळं चांगलं." ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर मग ठीक आहे." शिट्टी झाली आणि आम्ही फोन ठेवले.

खोटं बोलताना माणूस एकदाच खोटं बोलतो असं मला वाटायचं. तसं नाही. ते नंतर सांभाळावं लागतं, दोन वेळचं खायला घालावं लागतं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी बुधवार होता, म्हणजे कचऱ्याचा दिवस. सकाळी मी डबा रस्त्यापर्यंत ओढत नेला तेव्हा अविनाश वळणावर उभा होता. ऊन छान पडलं होतं. राज्य गेलं होतं, काउंटी गेली होती. रात्रीतून कुणी आपली पाटी काढून घेतली होती आणि गवतात तारांची दोन भोकं राहिली होती. तो म्हणाला, "चुकलं ताई." बस, इतकंच. मी त्याच्या दंडावर हात ठेवला. तो हात उचलावासा मला वाटेना, आणि ठेवलेलाही बघवेना.

दुसरा कुणी असता तर त्याने तो विषय सोडून दिला असता. पण अविनाशने गणित सोडलं नाही. कुठे चुकलं ते शोधायला तो पुन्हा घरोघर गेला, यावेळी फराळाशिवाय. निवडणूक होऊन गेली की लोकांच्या जिभा सैल होतात. कुणी हसत कबूल केलं, कुणी म्हणालं, अरे तू इतक्या आशेने विचारत होतास, तुला नाही कसं म्हणायचं? कुणी मतदानालाच गेलं नव्हतं. एका काकांनी तर उलट त्यालाच विचारलं, "तू ते सीरियसली घेतलंस की काय?" डिसेंबरात तो माझ्याकडे आला. बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर झटकत होता. म्हणाला, पाट्यांवरचा अंदाज जवळजवळ बरोबर आला होता. तेवढाच ठेवला असता तर टोरांटोला गेलो असतो. घरांनी फसवलं. मग वर बघून म्हणाला, "तुमचं तरी खरं होतं ना, ताई?"

तिसरी संधी होती ही. मी पुन्हा हो म्हणाले. पहिल्यांदा भिडेने म्हटलं होतं. यावेळी भीतीने.

मी स्वतःची समजूत घालून बघितली आहे. माझ्या एका मताने राज्य इकडचं तिकडे झालं नसतं. दुसरी बाजू आली असती तरी तो कायदा झाला असता असं कोण सांगणार? सगळं खरं आहे. सगळं कागदावर मांडलं तर एकही ओळ चुकीची निघणार नाही, आणि मी टेस्टर आहे, मला ते तपासता येतं. पण अविनाशने राज्याच्या मतावर टोरांटो सोडलं नव्हतं. माझ्या एका शब्दावर सोडलं होतं.

एप्रिलात मिताला एकवीस पूर्ण झाली. वाढदिवसाला केक आणला होता, तो कुणी धड खाल्ला नाही. तिने विद्यार्थी म्हणून वेगळा व्हिसा मागितला होता. तो अर्ज करायलाही उशीरच झाला होता, कारण त्याची गरज पडणार नाही असं अविनाश धरून चालला होता. जुलैत तो नामंजूर होऊन आला. ऑगस्टमध्ये ती निघाली. नागपूरला, आत्याकडे.

त्या दिवशी मी त्यांच्या घरी पोळ्या करायला गेले होते, सुलभाला उभं राहवत नव्हतं. मिताच्या खोलीत दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या. ती स्वेटर आत घालत होती आणि परत बाहेर काढत होती. तिकडे स्वेटर कुठे लागणार? मी दारात गेले तर ती म्हणाली, "काकू, आय डोन्ट ईव्हन नो हाऊ टू क्रॉस द रोड देअर." मग स्वतःच हसली आणि म्हणाली, "आत्या बोलली, डोंट वरी, गाई थांबतात तिथं थांबायचं." मी तिला जवळ घेतलं. ती माझ्याहून उंच आहे, तिची हनुवटी माझ्या डोक्यावर टेकली. मला तेव्हा सांगून टाकायचं होतं. शप्पथ, शब्द तोंडापर्यंत आले होते. पण जाणाऱ्या मुलीच्या बॅगेत हे कुठे ठेवायचं?

ती गेल्यापासून अविनाश संध्याकाळी चालत नाही. तो आणि सुलभा अजून इथंच आहेत, रांगेत. दोघांनी मुलीजवळ जावं तर इतक्या वर्षांची जागा जाते, थांबावं तर मुलगी तिकडे. मेपल लाल झाला की सुलभा त्याचा फोटो काढून मिताला पाठवते. मिताने राहिलेलं एक वर्ष तिकडून, उलट्या वेळांनी, पूर्ण केलं. आता एका शाळेत इंग्रजी शिकवते. मुलं तिच्या मराठीला हसतात आणि तिच्या इंग्रजीला घाबरतात, असं तिने मला कळवलं होतं. मला वाचून हसू आलं आणि मग बराच वेळ काही करवेना.

परवा रविवारी दुपारी अविनाशचा फोन आला. पाट्या लागल्या बघितल्या का, म्हणाला. मी हो म्हटलं. मग म्हणाला, "यंदा कुणाला काही विचारणार नाही ताई. फक्त तुम्हाला. सहज. काय वाटतं?"

मी बसले होते ती उभी राहिले. का ते माहीत नाही. आणि म्हणाले, "अविनाश, मागच्या वेळी मी तुझ्याशी खोटं बोलले. माझं मत तिकडे नव्हतं. तू विचारलंस त्याच्या आधीच ते देऊन झालं होतं."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मी त्याच्या शिव्यांची वाट बघत होते. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, सुलभाला ऐकू जाऊ नये इतकं. "हे मिताला सांगू नका. ती जाताना फार रडत होती. म्हणत होती, बाबा, नोबडी वॉन्टेड मी हिअर. मी तिला सांगितलंय की निदान एका घराने तरी तुझ्यासाठी मत दिलं. तुमचं नाव सांगितलंय."

मी म्हटलं, नाही सांगणार.

त्याला दिलेला शब्द मोडतेय की काय असं हे लिहिताना वाटत होतं. पण मी काहीबाही लिहिते एवढंच मिताला ठाऊक आहे; तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. इथल्या आमच्या सगळ्याच मुलांचं तसं आहे. त्या भरवशावर लिहायला बसले.

आज सकाळी तिचा निरोप आला. एका वहीच्या पानाचा फोटो आहे, पेन्सिलने लिहिलेलं, अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी, एकेक रेषेला टांगलेली. लिहिलंय, "काकू, मी वाचायला शिकले. तुम्ही काय लिहिता ते पाठवा."